दोन पेरं ओली माती

गच्चीवर चार बादल्यांत मी टोमॅटो लावले होते. बी पेरण्यापासून सगळं माझं. घरात कोणाला न विचारता सुरू केलेलं ते माझं पहिलंच काम. फेब्रुवारीच्या शेवटी खालची पानं पिवळी पडू लागली. झाडाला खत कमी पडतंय, असं मी मोबाइलवर वाचलं. खत घातलं, पाणीही वाढवलं. पानं आणखीच मलूल झाली.

"रविवारी तिथं मिरच्या वाळत घालायच्यात," आई म्हणाली. "तोवर सुधारली तर ठीक, नाहीतर बादल्या उचल."

मला कोणाला काही विचारणं जड जातं. शाळेत उत्तरं यायची, पण शंका विचारायला हात वर होत नसे. पंचगंगेपलीकडच्या गावातून आमच्याकडे म्हशीचं दूध घालायला एक मावशी येतात. त्यांच्या हातात मी न बोलता एक पिवळं पान ठेवलं.

त्यांनी किटली जिन्यात ठेवली, पदर खोचला आणि थेट गच्चीवर आल्या. पान उलटं करून बघितलं. "किडा न्हाय." मग झाडाचा शेंडा. "हिरवा हाय. जीव हाय अजून." मग मातीत बोट खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि बाहेर काढून हुंगलं. मी त्या पानांचे कितीतरी फोटो काढले होते. मातीत बोट एकदाही घातलं नव्हतं.

"पाणी कोण घालतंय?"

"मी. रोज एक तांब्या."

"एका तांब्यानं एवढा चिखल व्हतोय व्हय? आनि कोण?"

तेवढ्यात बाबा आंघोळ करून वर आले. सूर्याला अर्घ्य दिलं, तुळशीला पाणी घातलं आणि उरलेलं चारही बादल्यांत भक्तिभावानं वाटून टाकलं. त्यांच्या मागोमाग आई, तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं घेऊन.

"दादा, सूर्याला घाला की पाणी! टमाट्यानं काय नवस केलाय?" मावशी म्हणाल्या. "तिघं मिळून बुडवाय लागलाय की ह्यास्नी!"

बाबांना असं कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. बाबा चक्क हसले.

मावशींनी एकेक बादली कलती केली. बुडाची भोकं फरशीला चिकटून चिखलानं बुजली होती. खराट्याची काडी घालून त्यांनी ती मोकळी केली, तेव्हा काळं, कुबट पाणी वाहिलं. एक झाड उपटून मला मुळं दाखवली, तपकिरी आणि लिबलिबीत. "हे गेलं." बाकीच्या तीन बादल्या विटांच्या तुकड्यांवर चढवल्या आणि पिवळी पानं खुडून टाकली.

"पिवळं पान परत हिरवं न्हाय व्हत, पोरी. त्येच्याकडं बघत बसू नगंस, शेंडा बघ. आनि दोन पेरं माती सुकल्याबिगर पाणी न्हाय. खत तर न्हाईच."

सगळं मिळून दहा मिनिटं. मग किटली उचलून त्या पुढच्या घरी गेल्या.

रविवारी झाडांचे बुंधे उघडेबोडके दिसत होते, पण शेंड्याची पानं भर दुपारीही ताठ होती. आईनं बराच वेळ बघितलं आणि मिरच्या वाळवायची जुनी साडी बादल्यांपासून हातभर अलीकडे ओढून अंथरली.

आता अर्घ्य दिलं, की बाबा तिन्ही बादल्यांत दोन पेरं बोट घालतात आणि वरून ओरडतात, "आज नको!" मग पातेलं घेऊन निघालेली आई अर्ध्या जिन्यातून परत फिरते.