वसईकराचा आइतवार

वसईकर एका पायाने लंगडायचा, तरी सकाळी मळ्यात आमच्याआधी पोचलेला असायचा. हे मला कधीच सहन झालं नाही. मी धडधाकट पायांनी बांधावर यावं, तर हा गुडघाभर चिखलात उभा राहून म्हणणार, "या सोपानराव, लवकर आलात आज!" त्यात टोमणा नसायचा. टोमणा असता तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

पुण्याच्या पूर्वेला, हडपसरच्या वाटेवर ओढ्याकाठी आमचा मळा होता. शेजारचा दगडधोंड्यांचा तुकडा कित्येक वर्षं पडीक होता. वसईकर तोफखान्यात तोफांचे बैल हाकायचा. गाड्याचं चाक पायावरून गेलं तेव्हा सरकारातून तो तुकडा त्याला कसायला मिळाला. जातीने किरिस्ताव, मूळचा वसईचा. त्याचं खरं नाव इनास, पण आमच्याकडे ते कुणी घेतलं नाही. दोन वर्षांत त्याने सगळे धोंडे वेचून त्यांचा बांध घातला आणि वसईहून आणलेल्या राजेळी केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिलं, लावले. आमच्या वांग्यांच्या वाफ्यांवर त्या केळीची सावली पडू लागली. मला ती सावलीसुद्धा टोचायची.

पहिला घड तयार झाला की तो घरी न्यायचा नाही. त्याचे वाटे करायचा. एक त्यांच्या पाद्र्याला, एक तोफखान्यातल्या विधवांना, आणि एक आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना. "पयला घड घरच्यांनी खाल्ला की झाड लाडावतं," असं त्याचं शास्त्र होतं. त्याची झाडं काही लाडावली नाहीत. पेठेतल्या एका काकू वर्षानुवर्षं आमची भाजी घ्यायच्या. एकदा टोपलीत डोकावून त्या मला म्हणाल्या, "वांगी ठीक आहेत हो. पण त्या किरिस्तावाची केळी पाहिली, आणि शेतात लक्ष घालणारा माणूस कसा असतो ते कळलं." मी टोपली उचलून तसाच परत आलो. वाटेत एक वांगं ओढ्यात भिरकावलं.

त्याला एक मुलगा आणि चार मुली. संध्याकाळी हातपाय धुतले की हा चारी मुलींना ओळीने ओट्यावर बसवायचा आणि त्यांच्या वेण्या घालायचा. बायको मारतीन आत भाकऱ्या थापत असायची आणि हा बाहेर तेलाची वाटी घेऊन एकेकीचा गुंता सोडवायचा. मी घरी येऊन त्याची नक्कल केली. माझी बायको हसली नाही. म्हणाली, "आपली पोरगी चार दिवस तापानं फणफणली होती. तुम्ही तिच्या डोक्यावरनं हात तरी फिरवलात का?" त्या रात्री मी जेवलो नाही. पण पोरीजवळ जाऊन बसलो असंही नाही.

आबांचं तर काय सांगावं! वाफा कसा झाला, बी खोल गेलं का, हे ते बांधापलीकडे हाक मारून त्याला विचारायचे. तो त्यांना 'आबा'च म्हणायचा. माझी हाक त्याने उचलली होती आणि आबा तिला माझ्यापेक्षा लवकर ओ द्यायचे. विहीर आबांनी स्वतः खणलेली. तिच्यावर त्यांनी आठवड्यातले तीन दिवस वसईकराला मोट धरू दिली. त्यातला एक दिवस आइतवार. त्या दिवशी वसईकर कामाला हात लावायचा नाही. धुतलेला अंगरखा घालून, पोरांची रांग घेऊन, प्रार्थनेला त्यांच्या छपराच्या देवळात जायचा. ते छप्परही त्यानेच वासे वाहून उभं केलेलं. जाताना म्हणायचा, "सोपानराव, आजचं पानी तुमी घ्या." मी घ्यायचो. आभार कधी मानले नाहीत.

मग एका वर्षी उन्हाळा फार कडक पडला. विहीर तळाला गेली. वसईकराच्या केळीची पानं कडेने करपू लागली. तो मोटेपाशी आला आणि म्हणाला, "सोपानराव, पाद्रीबाबांनी मुभा दिलीय. पाऊस पडस्तवर आइतवारचं पानी मी घेऊ का?"

पाणी त्याचंच होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "एकदा दिलेलं परत मागता होय? नाही जमायचं."

तो "बरं," म्हणाला आणि लंगडत निघून गेला. आबांपाशी जाईल असं मला वाटलं होतं. गेला नाही. आबा तेव्हा गुडघ्यांनी आजारी होते, घरातच पडून असायचे.

पुढच्या आइतवारी मी मोट हाकत होतो. उन्हं तापली होती. इतक्यात ओढ्याच्या बाजूने माणसांचा आवाज आला. प्रार्थना आटपून त्यांची सगळी वस्ती आली होती. तोफखान्यातले मिशाळ गडी होते, ज्यांच्या घरी केळी जायची त्या विधवा होत्या, खुद्द पाद्री होता झगा वर खोचून. ओढा आटलेला, पाणी उरलं होतं ते वरच्या डोहात, दोन-तीनशे पावलांवर. तिथून मळ्यापर्यंत त्यांनी रांग धरली आणि भरलेल्या घागरी हातोहात येऊ लागल्या. कुणी गात होतं, कुणी थट्टा करत होतं. वसईकर एकेका केळीच्या बुंध्याशी घागर रिती करत होता. मोट चालूच ठेवून मी बघत राहिलो. माझा मळा वाळला असता तर कोण आलं असतं, हे मी मनात मोजून पाहिलं. एक नाव आठवेना.

गलबला ऐकून आबा काठी टेकत बाहेर आले. "काय चाललंय रं हे?"

वसईकर पुढे होऊन म्हणाला, "काय नाय आबा. पोरांना घागरी धुवायच्या हायेत."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मोटेकडे. माझ्याकडे पाहिलंच नाही. ते आत गेले, तांब्या घेऊन आले, एका बाईच्या घागरीतून तो भरून घेतला आणि अनवाणी चालत जाऊन पहिल्या केळीला ओतला. परत आले, पुन्हा भरला. मला मोट थांबवायला हवी होती. मी थांबवली नाही.

आठ दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "हीर मी खनलीय. आइतवार त्याचा हाय." तो उन्हाळा त्याने ते पाणी घेतलं. पावसाळा लागला तसा पुन्हा बांधावर हजर. "आता आइतवार तुमी घ्या, सोपानराव." त्याने मला एकदा तरी शिवी द्यायला हवी होती.

दोन वर्षांनी आबा अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आबा म्हणाले, "वसईकराला बोलवा." तो आला आणि सोवळ्याओवळ्याचा विचार करून उंबऱ्याबाहेरच थांबला. आबांनी अंथरुणावरूनच त्याला विचारलं, "मेथी टाकली का?" "टाकली आबा. उगवलीबी." आबा हसले. मी उशाशी बसलो होतो, माझ्याशी ते काही बोलले नाहीत. तिरडीसाठी वसईकराने आपल्या बेटातले हिरवे बांबू तोडून आणले आणि नदीपर्यंत सगळ्यांच्या मागे, लंगडत, डोकं उघडं ठेवून चालत आला.

पुढे त्याचा मुलगाही तोफखान्यात लागला आणि दूरच्या एका मोहिमेत पडला. वसईकर महिनाभर मळ्यात बोलला नाही, पण काम चुकलं नाही. मुली सासरी गेल्या होत्या. सुनेला आणि नातवंडांना घेऊन वसईला भावाच्या वाडीत जायचं त्याने ठरवलं. तुकड्यावर माझा डोळा होता. त्याने तो सरकारात अर्ज करून दोन विधवांच्या नावे करून दिला.

निघायच्या सकाळी मारतीन आणि सून गाडीत बसल्या होत्या, नातवंडं केळी खात होती. मी बांधावर उगाचच विळा घेऊन उभा होतो. तो जवळ आला.

"सोपानराव, एक बोलू? राग मानू नका."

"बोला."

"मला तुमचा लई हेवा वाटायचा."

थट्टा करतोय असं वाटलं. "माझा?"

"माझा बाप मी तान्हा असताना समुद्रात बुडून गेला. तुमी आबांवर ओरडायचा, 'आबा, गप बसा' म्हनायचा. ते ऐकलं की वाटायचं, असं ओरडायला मानूस पायजे. मीबी आबाच म्हनत होतो. पन ओरडायची हिंमत न्हाई झाली कधी. ते आपले न्हवते ना."

त्याने माझ्या दंडावर हात ठेवला, मग गाडीवर चढून बैलांना हाक दिली. गाडी बांधाला वळसा घालून निघाली.

ज्या गोष्टीने मी सतरा वर्षं आतून जळत राहिलो, जी मी बायकोलाही सांगितली नव्हती, ती हा माणूस बांधावर उभा राहून दोन वाक्यांत बोलून मोकळा झाला होता. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो, आणि खोटं कशाला सांगू, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटत होता.