आईची फेरतपासणी

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी नववीत होते. पंचवटीत फुलांच्या पाटीशी बसून ती झेंडूचे हार ओवत होती आणि एकदम उजवीकडे कलली. शेजारची भाजीवाली ऊन लागलं समजून तिला पाणी पाजत राहिली. आई दवाखान्यातून घरी आली तेव्हा उजवा हात-पाय लुळा होता आणि बोलणंही गेलं होतं. एकच शब्द उरला होता, 'हो'. भूक लागली तरी हो, जेवण नको असलं तरी हो. कळायचं तिला सगळं. त्या हो-होमधला फरक हळूहळू आम्हाला ओळखता येऊ लागला.

वडील रिक्षा चालवत. पुढे अपंगांचा सरकारी पगार सुरू झाला आणि आईच्या गोळ्या, व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई, हे त्यात भागू लागलं. बाई चिकाटीच्या होत्या. त्यांनी आईला भिंत धरून मोरीपर्यंत चालायला लावलं. आई पहिल्यांदा एकटी दारापर्यंत आली, त्या दिवशी वडिलांनी पेढे आणले होते.

मग नियम बदलले. खोटी माणसं पगार खातात, म्हणून सगळ्यांची नव्याने तपासणी. अपंगत्वाचे टक्के कमी भरले की पगार बंद. आमच्या गल्लीतल्या एका शिंप्याचा बंद झालासुद्धा. त्याचा हात वाकडाच होता, पण तो तपासणीला आपल्या पायांनी चालत गेला होता.

हे ऐकल्यापासून वडील धास्तावले. दिवसाढवळ्या दार लावून घेऊ लागले. मला म्हणाले, "तिला बाहेर चालू देऊ नको. कुणी पाहिलं तर सांगतील, बाई बरी हाय म्हणून." व्यायामाच्या बाईंनाही त्यांनी तपासणी होईस्तोवर येऊ नका म्हणून सांगितलं. आई उठायला बघायची, वडिलांच्या तोंडाकडे पाहायची आणि पुन्हा खाटेवर टेकायची. तिचा पाय जरा नीट पडला की मीही आधी दाराकडे बघायचे.

तपासणीच्या दिवशी वडिलांनी तिला रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेलं आणि उचलूनच आत आणलं. डॉक्टर तरुण होते, वाईट नव्हते, पण बाहेर व्हरांडाभर माणसं बसली होती.

"मावशी, चालता येतं का?"

"हो," आई म्हणाली.

"स्वयंपाक करता?"

"हो."

"केस स्वतः विंचरता?"

"हो."

डॉक्टर लिहीत होते. मी म्हणाले, "डॉक्टर, तिला दुसरा शब्दच येत नाही."

"मी त्यांना विचारतोय," ते मान वर न करता म्हणाले.

आईच्या कपाळावर घाम आला. तिला नाही म्हणायचं होतं. ओठ वाकडे करून तिने सगळा जीव एकवटला आणि पुन्हा 'हो'च बाहेर पडलं. तेवढ्यात वडील पुढे झाले. त्यांचा आवाज फाटला होता.

"अगं, तू मेलीस का? सांग त्यांना. मेलीस का तू?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी लिहिलेलं खोडलं, उठून आईचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून तपासायला लागले, या वेळी काही न विचारता. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एकाच हाताने तिला ते नीट पुसताही येईना.

परत येताना द्वारका चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली. आरशात मागे बसलेली आई दिसत होती. वडिलांनी आरसा वर फिरवला.

पगार चालू राहिला. पण बाई पुन्हा आल्या तेव्हा आईचा पाय आखडला होता. एवढे दिवस बसवून का ठेवलंत, असं त्यांनी विचारलं. आई त्यानंतर मोरीपर्यंत गेली, ती कुणाचा तरी खांदा धरूनच. वडिलांच्या हातचा घास तिने कितीतरी दिवस घेतला नाही. तोंड फिरवायची. ते ताट माझ्याकडे सरकवायचे आणि रिक्षा पुसायला बाहेर जायचे.

अपंगत्वाच्या दाखल्यावर लिहिलं होतं, काही वर्षांनी पुन्हा तपासणी. ती वेळ आली तेव्हा आईला बाकावर बसवून वडील मला म्हणाले, "आत तू जा. मी नाय येत." आमचं होईपर्यंत ते बाहेर रिक्षातच बसून राहिले.