तिसऱ्या पायरीवरचं दूध

लिफ्ट बंद पडली की लोक आधी देवाला हाक मारायचे, मग तिला. बावीस वर्षं ती लिफ्ट दुरुस्त करत होती. बेअरिंग गेलंय की ब्रेक घासतोय, हे ती जिन्यातूनच नुसत्या आवाजावरून सांगायची. पण कागद पुढे आला की तिला घाम फुटायचा. ओळी एकमेकींच्या अंगावर चढायच्या, अक्षरं जागा बदलायची, आणि जोडाक्षर म्हणजे तर सात जन्मांचा वैरी! शाळेत मास्तर तिला ‘ढ’ म्हणायचे. इतक्यांदा म्हणाले की तिलाही ते खरं वाटायला लागलं. असल्या मास्तरांना काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

नऊ वर्षं टोळी तीच चालवत होती, फक्त नावाने फोरमन नव्हती. आता कंपनीने फतवा काढला: फोरमनला परीक्षेचा दाखला हवा. ती दोनदा बसली, दोनदा आपटली. तिसरी संधी शेवटची. तीही हुकली, तर ज्याला तिनेच पाना धरायला शिकवलं त्याच्या हाताखाली राबायचं.

तिची नणंद शाळेत शिकवायची. एकदा तिने वहिनीला पुस्तक घेऊन बसलेलं पाहिलं. अर्ध्या तासात एक परिच्छेद, तोही कपाळावर आठ्या घालून.

“वहिनी, हा आळस नाही गं. याला डिस्लेक्सिया म्हणतात. तुझं डोकं चांगलं शाबूत आहे, फक्त अक्षरांशी त्याचं पटत नाही.”

चव्वेचाळिसाव्या वर्षी ती ढसाढसा रडली. आनंदाने की संतापाने, ते तिलाच कळेना.

“मग आता काय करू?”

“कानांनी शिक. डॉक्टरांचा दाखला आण, तोंडी परीक्षेचा अर्ज मी करते.”

पण पुस्तक वाचून कोण दाखवणार? सासूबाई पुढे सरसावल्या. त्या निवृत्त नर्स. वॉर्डच्या एका टोकाला बोलल्या तर दुसऱ्या टोकाचा पेशंट उठून बसायचा! त्यांनी पुस्तक थेट ओट्यावर मांडलं, फोन रेकॉर्डिंगला लावून डब्याला टेकवला आणि स्वयंपाक करता करता वाचायला सुरुवात केली. त्यामुळे प्रत्येक नियमात फोडणीचा चरचराट आणि मधूनमधून आरडाओरडा. सूनबाई कानात ते ऐकत कामावर जायची, आणि ज्या भागाचा नियम ऐकू येईल त्या भागावर हात ठेवायची. कान आणि हात मिळून जे शिकले, ते डोळ्यांना बावीस वर्षांत जमलं नव्हतं.

परीक्षेला समोर तीन साहेब. उत्तरं धडाधड येत गेली. मग मधल्या चष्मेवाल्याने शेवटचा प्रश्न टाकला.

“लिफ्टच्या टपावर उतरण्याआधी काय कराल? क्रमाने सांगा. यात चुकलात तर बाकीचे मार्क धरत नाही आम्ही.”

तिने डोळे मिटले. “एक, दार उघडून स्टॉपचं बटण दाबायचं. दोन, स्विच तपासणीवर टाकायचा. तीन... अगं बाई, मेलं दूध उतू गेलं!”

तिने जीभ चावली. हातातोंडाशी आलेला घास गेला, असंच तिला वाटलं.

“काय उतू गेलं?” चष्मेवाल्याने विचारलं.

आता मात्र तिला रागच आला. “दूध, साहेब. मला नीट वाचता येत नाही. सासूबाई वाचतात, मी ऐकते. तिसऱ्या पायरीला त्यांचं दूध उतू गेलं, म्हणून ती पायरी माझ्या डोक्यात पक्की बसली. दार लावायचं आणि बाहेरून लिफ्ट बोलवून बघायची. हलली, तर स्टॉप खोटा, टपावर पाय ठेवायचा नाही. माझ्या टोळीत कुणी टपावर निघालं की आम्ही विचारतो, दूध बघितलंस का? आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही.”

चष्मेवाल्याने पेन खाली ठेवलं. “या आठवड्यात त्रेचाळीस जणांना हाच प्रश्न विचारला. तिसरी पायरी न गाळणारे तुमच्यासकट चौघे. चौथी सांगा.”

“चौथीला सासूबाईंनी गॅस बंद केला. मग दार पुन्हा उघडून टपावरचा दिवा लावायचा आणि मगच उतरायचं.”

तिघेही खो खो हसले. पण मार्क देताना हात आखडला नाही. बाई नुसती पास झाली नाही, पहिली आली!

दाखला तिने तसाच सासूबाईंच्या हातात दिला आणि फोन डब्याला टेकवला.

“आई, वाचा.”

“सदर उमेदवार प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या असून, त्यांना फोरमन म्हणून...” सासूबाईंचा तो वॉर्ड हलवणारा आवाज अडकला. “थांब गं. कांदा झोंबला.”

“आज कांदा कुठे चिरलाय, आई?”

“तू गप्प बस. रेकॉर्ड होतंय ना ते?”

दुसऱ्या दिवशी तिने फोन मशीनरूममधल्या पॅनेलवर ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवून टोळीला दाखला ऐकवला, कांद्यासकट. मग ज्याला तिने पाना धरायला शिकवलं होतं, तो डोळे पुसत म्हणाला, “फोरमनबाई, पुन्हा लावा ना.”

तिने पुन्हा लावला.