चार पांढऱ्यांतला एक

दातांच्या लॅबमध्ये सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कुणी शेजारी येऊन उभं राहिलं की त्यांचा हात थांबायचा. पण समोरच्या दाताची कॅप असली की दवाखान्यातून येणाऱ्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, ‘मास्तरांकडेच द्या.’ चहाने, तंबाखूने, नुसत्या वयाने रंगलेले दात. शेजारच्या दाताकडे पाच सेकंद पाहिलं की त्यांना छटा कळायची. त्याहून जास्त पाहायचं नाही, डोळा थकतो आणि खोटं बोलायला लागतो, असं ते म्हणत. मग सिरॅमिकची ओली भुकटी बारीक ब्रशने थरावर थर चढवायची आणि भट्टीत भाजायची. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांची कॅप तोंडात बसली की कुठला दात खरा आणि कुठला त्यांचा, हे डॉक्टरांनाही चटकन सांगता यायचं नाही.

अलीकडे दात पांढरे करून घेणाऱ्यांची कामं यायला लागली होती. त्यांच्यासाठी, छटा जुळवायला दाताशी धरतात त्या नमुन्यांच्या जुडग्यात चार नवे नमुने आले होते, चारही पांढरे. मास्तर ती कामं हातात घेत नसत.

“हे काय दात आहेत? शर्टाची बटणं आहेत. बटणं मी बनवत नाही,” असं म्हणून ते काम पलीकडच्या टेबलावर सरकवायचे. तिथे भट्टी सांभाळणाऱ्या ताई बसत. त्या हसून म्हणत, “द्या, आमच्या नशिबी बटणंच.”

लॅबमध्ये सगळ्यांना तो त्यांचा तोरा वाटायचा. खरी गोष्ट फक्त मास्तरांना आणि डोळ्यांच्या एका डॉक्टरला माहीत होती. त्यांना ते चार नमुने वेगळे दिसतच नव्हते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने तपासून सांगितलं होतं, “मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे मागच्या पडद्याचं आहे. वाचता येईल, चालता-फिरता येईल. रंग मात्र हळूहळू सोडून जातील, फिके आधी.” घरी येऊन मास्तरांनी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. पिवळ्या-तपकिरी छटांवर त्यांचं अजून निभत होतं. अर्धं नजरेने, अर्धं सवयीने.

आणि अशात त्यांच्या मुलीने दात पांढरे करायचं काढलं.

ती एका मोठ्या दुकानात सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर उभी असायची. नव्या मुलींना शिकवण्याची जागा निघाली होती आणि पाच आठवड्यांनी मुलाखत होती. तिची साहेबीण तिला म्हणाली होती, “काम चांगलं आहे गं तुझं, पण हसताना ओठ मिटून घेतेस. गिऱ्हाइकाला वाटतं, काहीतरी लपवते आहेस.”

मुलगी चौकशी करून आली आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. “तो मोठा दवाखाना आहे ना, तिथे तासाभरात करून देतात. पण बाबा, तुमचा एक अख्खा पगार जाईल.”

“आणि ते दुकानात डबीत मिळतं ते?” आईने विचारलं.

“ते मोज्यांच्या जोडीच्या भावात मिळतं.”

“त्यातली पट्टी सगळ्यांना एकाच मापाची असते,” मास्तर म्हणाले. “जेल हिरडीवर उतरतं आणि हिरडी सोलते. नको.”

“मग अधलंमधलं काही नाही का?”

“आहे की. मी आहे.” त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. “जेल भरून दातांवर चढवायचा, तुझ्या मापाचा ट्रे मी बनवतो. हलकं जेल आमच्या लॅबला काम देणाऱ्या डॉक्टरीणबाई खरेदीच्या भावात देतील. रोज संध्याकाळी दोन तास, चौदा दिवस. दवाखान्याच्या दहाव्या हिश्श्यात होईल.”

मुलगी खूश झाली, मग थबकली. “पण माझा पुढचा दात?”

कॉलेजात असताना जिन्यावरून पडून तिचा पुढचा दात मोडला होता. त्यावरची कॅप मास्तरांनीच केली होती. शेजारच्या दातावर एक धूसर ठिपका होता, तोसुद्धा त्यांनी कॅपवर हुबेहूब उतरवला होता.

“कॅप पांढरी होत नसते,” मास्तर म्हणाले. “बाकीचे उजळले की ती मळकी दिसेल. नवी करावी लागेल.”

“कोण करणार?”

“कोण म्हणजे काय!” आई म्हणाली. “घरात कारखाना असताना?”

मास्तरांना तेव्हाच म्हणता आलं असतं, ताई करतील. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण दोघी त्यांच्याकडे अशा काही बघत होत्या की ते म्हणाले, “मीच. दुसरं कोण?” दात चुकला तर पोरीची जागा जाईल आणि आपलं दोन वर्षं झाकून ठेवलेलं उघडं पडेल, हे बोलतानाच त्यांना कळत होतं.

ट्रे झकास झाला. तो लावला की मुलीला धड बोलता यायचं नाही. आई म्हणाली, “दोन तास उलट उत्तर नाही! हे आधी माहीत असतं तर पाहिजे ते पैसे मोजले असते.” चौदाव्या दिवशी तिने मुलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. “अहो, बघा तरी! केवढा फरक!” मास्तरांनी पाहिलं. काहीतरी बदललंय एवढंच त्यांना दिसलं. मग रंग स्थिर व्हायला त्यांनी नियमाने दोन आठवडे जाऊ दिले. त्या दिवसांत ताईंनी दोनदा विचारलं, “छटा मी बघू का, मास्तर? बटणांचं खातं माझं आहे.”

“माझ्या पोरीचा दात आहे. मी बघेन.”

सकाळच्या उजेडात त्यांनी मुलीला खिडकीशी बसवलं, ओठांचा रंग पुसायला लावला, गळ्याशी डोळ्याला विसावा देणारं राखाडी फडकं गुंडाळलं. पहिला नमुना दाताशी धरला. दुसरा, तिसरा, चौथा. पाच सेकंद झाले, दहा झाले. एरवी उत्तर आपोआप यायचं. आज काहीच आलं नाही. त्यांनी डोळे मिटले, फडक्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“तुला कुठला वाटतो?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मला काय कळतंय, बाबा? तुम्हीच सांगा.”

त्यांनी दुसरा नमुना बाजूला काढला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी लॅब उघडून त्यांनी एकट्याने कॅप बनवली. आकार, कडा, चमक यांत बोट ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ती दातावर बसवून पाहिली आणि दिवा जवळ ओढला. “मास्तर, ही किंचित निळसर वाटतेय का?”

“तुमच्या दिव्याखाली वाटते,” मास्तर म्हणाले. “उजेडात नीट दिसेल.”

इतक्या वर्षांत त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. बाईंनी मान हलवली आणि कॅप पक्की चिकटवली. मुलगी आरशात बराच वेळ बघत राहिली. “छान आहे, बाबा,” ती म्हणाली.

मुलाखतीच्या आदल्या सकाळी मास्तर डबा विसरून गेले. मुलगी तो द्यायला लॅबमध्ये आली. ताईंना ती लहानपणापासून माहीत होती. त्यांनी हाक मारली, काहीतरी थट्टा केली, आणि मुलगी मनमोकळी हसली.

“अगं, हा दात शेवटी बाहेरून करून घेतलास होय? इथे तर मास्तरांना करताना पाहिलं नाही,” ताई म्हणाल्या. “बाजूच्यांशी भांडून बसलाय की काय! खडूसारखा पांढरा. पैसे परत माग.”

मुलीने ओठ मिटले. “बाबांनी केला.”

“चल, काहीतरीच. मास्तर असं...” बोलता बोलता ताई मास्तरांकडे वळल्या.

मास्तरांनी हातातला ब्रश पाण्यात ठेवला. “तुला दिसत होतं?” त्यांनी मुलीला विचारलं.

“हो.”

“कधीपासून?”

“आरशात पाहिलं तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही डॉक्टरीणबाईंना म्हणालात ना, उजेडात नीट दिसेल म्हणून. मी रोज उजेडात जाऊन बघत होते, बाबा.”

ताईंनी चार नमुने आणून त्यांच्यापुढे ठेवले. मास्तर नमुन्यांना हात न लावता म्हणाले, “सारखेच दिसतात, ताई. दोन वर्षं झाली.”

मुलाखत उद्यावर होती, आणि ताईंनी रात्रभर काम केलं असतं तरी कॅप परवाच्या आधी झाली नसती. एका दिवसात करून देणारं यंत्र त्या मोठ्या दवाखान्यातच होतं. मास्तरांनी अर्धी रजा टाकली आणि मुलीला घेऊन गेले. वाटेत घरी फोन केला. आई म्हणाली, “दात पांढरे करायचे जेवढे वाचवले, त्याहून जास्त या एका दाताला जाणार म्हणा.” त्यात टोमणा नव्हता. तिला डोळ्यांचं अजून कळायचं होतं.

तिथली डॉक्टर तरुण होती. तिने कॅप निरखली. “फिटिंग सुरेख आहे हो. रंग कसा काय असा निवडला? कुठे करून घेतली?”

“बाहेर एका ठिकाणी,” मुलगी घाईने म्हणाली.

“मी केली,” मास्तर म्हणाले. “मी हेच काम करतो.”

कॅप कापून निघाली. पेनाएवढं एक उपकरण तिने शेजारच्या दाताला टेकवलं, पडद्यावर छटेचा आकडा उमटला, आणि आतल्या खोलीत यंत्र घरघरायला लागलं. तीन तासांनी नवी कॅप बसली. मदतनीस बाई म्हणाली, “आता ओळखूच येत नाही, कुठला तो.” मुलगी आरशात पाहून दात दाखवत हसली, मग मान वळवून बाबांकडे पाहून तशीच हसली.

मास्तर जवळ गेले. पाच सेकंद पाहिलं. त्यांना हा दात आणि त्यांनी केलेला दात यांत काही फरक दिसत नव्हता.

“जुळला,” ते म्हणाले.

मुलीला घरी सोडून ते लॅबमध्ये परत आले तेव्हा मालक दाराशीच भेटले. मास्तर म्हणाले, “उद्यापासून मला प्लास्टरच्या खोलीत द्या. साचे ओतेन.”

मालक हसले. “चेष्टा करता का, मास्तर? ते नव्या पोरांचं काम. आणि पगारही तिथला मिळेल.”

“हो,” मास्तर म्हणाले. “माझ्या नावाच्या चिठ्ठ्या आल्या तर ताईंकडे द्या.”

मालकांचं हसू थांबलं. ते काही विचारणार होते, पण मास्तर आत जाऊन टेबलावरचे ब्रश धुवायला लागले होते.