नालेचा खिळा

विश्रामबागेतल्या इस्पितळात काळीज तपासायचं नवं यंत्र आल्यापासून गुंडाचं काम एकच, माणसाच्या अंगावरचं लोखंड काढणं. पलटणीतून हवालदार होऊन परतलेला हा कडेगावचा गडी. त्याच्या नजरेतून टाचणी सुटायची नाही. यंत्र ना टोचायचं, ना अंगाला लागायचं. धडधडत्या काळजाभोवती अगदी क्षीण चुंबकत्व असतं, ते छातीवरून टिपायचं आणि ईसीजीत न दिसलेला झटकाही कधीकधी दाखवायचं. पण अंगावर एक खिळा राहिला, तरी सगळा आलेख बिघडायचा.

पुरुषांची झडती गुंडा घ्यायचा, बायकांची सिस्टर. कुणाच्या करदोट्याला किल्ली, कुणाच्या दंडावर तीन-तीन ताईत. घरी जेवताना तो हे रंगवून सांगायचा आणि पोट धरून हसायचा. बायको बनुबाई भाकरी वाढत गप्प ऐकायची.

एका शनिवारी सकाळी बनुबाईच्या छातीत कळ आली, डावा हात जड झाला. ईसीजी साफ निघाला, म्हणून डॉक्टरांनी यंत्राखाली घ्यायला सांगितलं. डोरलं, जोडवी, बांगड्या, पदराची पिन, सगळं गुंडानंच उतरवलं. सिस्टर झडतीला उठली, तर यानं हात आडवा केला.

"ऱ्हाऊ द्या सिस्टर, आमच्या घरचं माणूस हाय. तिला काय सांगाय लागतंय?"

चारचौघांत बायकोची झडती त्याला कमीपणाची वाटली. बनुबाई खाली मान घालून आत गेली.

आलेख वेडावाकडा आला. यंत्रच बिघडलं असेल, सोमवारी पुन्हा काढू, तोवर भरती राहा, असं डॉक्टर म्हणाले. बनुबाईला घरची म्हैस आठवली. ईसीजी चांगला आहे म्हटल्यावर गुंडानंही भरतीसाठी फार ओढून धरलं नाही, दोघं घरी आली. रविवारी दुपारी ती चुलीपुढं बसल्या जागी गेली.

आंघोळ घालणाऱ्या बायकांना तिच्या कमरेला काळा दोरा सापडला. त्यात घोड्याच्या नालेचा खिळा ओवलेला होता. गुंडाच्या थोरल्या भावजयीनं, बयाबाईनं, तो त्याच्या हातात दिला.

"तुमी बॉर्डरवर हुता तवा बांधलाय तिनं. तुमी जित्तं हाय तवर काढायचा न्हाई, असं बोलली हुती द्येवाला. तुमाला सांगू नगा म्हणायची. हसत्यात म्हणायची."

गुंडा खिळ्याकडं बघत बसला. तिला आपण मारलं, असं त्याच्या मनानं घेतलं आणि कुणी कितीही समजावलं तरी ते निघालं नाही.

तेराव्यानंतर तो कामावर आला. पहिल्याच दिवशी जतकडची एक म्हातारी दारात अडून बसली. दंडावरचा ताईत ती सिस्टरला सोडू देईना. गुंडा तिच्यापुढं उकिडवा बसला.

"कुणासाठी बांधलाय, आजी?"

लेकासाठी, म्हातारी म्हणाली.

"मग माज्या हातात द्या. तुमी भाईर येस्तवर खाली ठेवत न्हाई."

म्हातारीनं दंड पुढं केला. ती आत गेली आणि गुंडा मूठ आवळून दाराबाहेर उभा राहिला. एवढंच एकदा घरी विचारलं असतं, तर बनुबाईनं तो खिळा आपणहून सोडून त्याच्या हातात दिला असता.