दसऱ्याच्या रंगाखालचा नंबर

आमच्या जीपला चोरीची म्हणणारा साहेब दिसायला भला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पण तो बोलला ते चारचौघांत, आरटीओच्या अंगणात, माझ्या बाबांसमोर. माझं डोकं तिथंच फिरलं आणि ते अजून पुरतं जागेवर आलेलं नाही.

जीप दुसऱ्या महायुद्धातली. युद्ध संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा बाबांनी ती घेतली. काटोलकडच्या आमच्या बागेतली संत्री नागपूरच्या बाजारात आणायला ती वर्षानुवर्षं राबली. सत्तर सालानंतर काचबिंदूनं बाबांची नजर गेली आणि स्टिअरिंग माझ्या हातात आलं. नागपुरात आमच्या प्रताप नगरात जीप चालवणारी बाई म्हणून लोक वळून पाहायचे. मी त्यांना पाहू द्यायची. त्या दिवशी आम्ही गाडी माझ्या नावावर करायला गेलो होतो, एवढंच काम होतं.

साहेब पुढच्या चाकाजवळ वाकला, चासीवर ठोकलेला नंबर वाचला आणि गाडीच्या पुस्तकात पाहिलं. जुळेना. पुस्तकातला नंबर इंग्रजी 'एम'नं सुरू होत होता, चासीवरचा भलताच होता. आजवर एकाही साहेबानं वाकायची तसदी घेतली नव्हती, हा पहिलाच.

"गाडी चोरीची आहे. जप्त करावी लागेल," तो म्हणाला. अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

बाबा लिंबाच्या पारावर बसले होते. "मी कोनाची सुतळी बी नाही उचलली," ते म्हणाले. फार हळू. शेजारी बसलेला माणूस त्यांच्यापासून जरा सरकून बसला, ते मी पाहिलं. गाडी गेली असती तर भाड्याच्या टेम्पोनं संत्री आणली असती. पण बाबा चोर ठरून घरी गेले असते, ते मला मान्य नव्हतं.

मी बॉनेटवर चढून बसले. शिपाई किल्ली मागायला आला, त्याला म्हटलं, "मले उतरव आधी." तो परत गेला.

बसल्या बसल्या बाबांना विचारलं, "लिलावात सायबानं नंबर लिहिला, तवा तो कसा उभा होता?"

"गाडीच्या बाजूनं. उभ्याउभ्याच लिहून राहिला होता. वाकला नाही काही."

मग डोक्यात उजेड पडला. चासीवरचा नंबर कारखान्याचा. पण लष्कर आपला वेगळा नंबर गाडीच्या अंगावर रंगवायचं, बॉनेटच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत. लिलावातल्या आळशी साहेबानं उभ्याउभ्या दिसला तो नंबर उतरवला. तो दाखवला की पुस्तक याच गाडीचं हे सिद्ध. पण तो होता कुठे?

तो बाबांनीच झाकला होता. दसऱ्याला लोक गाडी धुतात, झेंडूचा हार घालतात. बाबा त्याआधी बॉनेटला ऑइलपेंटचा नवा हात द्यायचे, घरात उरलेला असेल तो रंग. खालचा कधी खरवडायचे नाहीत, कारण त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं असायचं. देवाच्या भक्तीपायी माणसानं आपलाच पुरावा पुरला होता.

फाटकाबाहेरच्या मेकॅनिककडून मी पॉलिश पेपर आणि घासलेट आणलं. घासल्याचा आवाज ऐकून बाबा चाचपडत आले.

"नको वं पोरी. पूजेचा रंग आहे तो."

"मी खरवडणार आहे, बाबा. देवाले काय सांगायचं ते मी सांगीन."

ते माझ्या हातावर हात ठेवून उभे राहिले. अडवायला ठेवलेला हात त्यांनी मग काढलाच नाही, तो माझ्या हाताबरोबर फिरू लागला.

"कोणता रंग निघून राहिला?"

"निळा."

"तू म्याट्रिक झाली तो दसरा." थोड्या वेळानं, "आता?"

"पिवळा."

"तुही माय होती तवा," ते म्हणाले. " शेवटचा." मला रडू आलं. मी घासत राहिले.

तांबडा, मग राखाडी, आणि त्याखाली लष्कराचा हिरवा. हिरव्यावर पुसट पांढरा 'एम' आणि मागोमाग आकडे. मी साहेबाला हाक मारली. त्यानं पुस्तक धरून एकेक आकडा मनात वाचला आणि मान हलवली. "जुळतो. करतो काम."

"असं नाही चालणार," मी म्हटलं. "माझ्या बाबांना दिसत नाही. चोरीची म्हणालात तेवढ्याच मोठ्यानं वाचा."

त्यानं वाचला. "अजून मोठ्यानं," मी म्हटलं. त्यानं पुन्हा वाचला. प्रत्येक आकड्याला बाबा मान डोलवत होते. पारावरचा तो शेजारी खाली पाहत होता.

"हिरवा रंग लष्कराचा आहे, खासगी गाडीला चालत नाही. तेवढा झाकून घ्या," साहेब जाता जाता म्हणाला.

"झाक वं आता," बाबाही म्हणाले. "आता झाकलं तरी चालते."

त्या दसऱ्याला मी अख्खी जीप रंगवली आणि तेवढी नंबरची जागा सोडली. पुढे दर वेळी पासिंगला नेली की साहेब लोक बजावायचे, बाई, तेवढं झाका. दर वेळी मी हो म्हणायची.