समोर उभी असलेली बेपत्ता बायको

"काका, तुमच्या मिसेस बेपत्ता आहेत, बेपत्ता!" हवालदार टेबलावर फाइल आपटत ओरडले. परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या त्या ऑफिसातला पंखासुद्धा दचकून क्षणभर थांबला, खोटं सांगत नाही. माझी मिसेस त्यांच्या पुढ्यातच उभी होती. पाच फूट अकरा इंच, जर्मन, सुती साडीत. बेपत्ता व्हायला इतकी गैरसोयीची बाई अख्ख्या मराठवाड्यात सापडायची नाही.

"मी इथंच आहे," ती म्हणाली.

"इथं असून काय उपयोग? पैठणला नाहीत ना!"

मी तीस वर्षं जर्मनीतल्या कारखान्यात नोकरी केली, तिथंच लग्न केलं आणि निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं औरंगपुऱ्यात राहायला आलो. तिचा पासपोर्ट मात्र तिकडचाच राहिला. त्यामुळं ती परदेशी जाऊन आली, की पत्ता पुन्हा कळवायचा, पोलिसांनी येऊन खात्री करायची, मगच कागद पुढं सरकायचा. मागच्या खेपेला खिडकीवरच्या कारकुनानं, ही मराठी बोलते म्हणून खुशीत येऊन विचारलं, "गाव कुठलं, काकू?" आमच्याकडची कुठलीही सून जे सांगेल, तेच हिनं सांगितलं : "पैठण." माझं मूळ गाव, म्हणजे तिचं सासर! त्यानं ते पत्त्याच्या रकान्यात भरलं. हवालदार पैठणला गेले, आमच्या बंद घराचं कुलूप बघून आले आणि शेरा मारला, 'दिलेल्या पत्त्यावर आढळून आल्या नाहीत.'

झालं, तिच्या इथं राहण्याच्या परवान्याची मुदतवाढ अडकली. तिकडं तिच्या एक्याण्णव वर्षांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, शुक्रवारच्या विमानाचं तिकीट काढलेलं. शेरा तसाच ठेवून ही गेली, तर परत येताना अडवणार. आईकडं जावं, की घर राखावं?

मी मिशीवर ताव दिला. "थांब, एक फोन लावतो. औरंगपुऱ्यापासून मंत्रालयापर्यंत मला ओळखत नाही असा माणूस नाही." खरं तर माझी पोच कलेक्टर कचेरीसमोरच्या चहावाल्यापर्यंत. पण त्यालाही तिथं लई मान आहे.

"वशिला नको. नियमानं होईल. होईपर्यंत मी उठत नसते," असं म्हणून तिनं बाकावर बैठक मारली आणि थालीपिठाचा डबा उघडला. अजिंठ्याचा डोंगर एकवेळ सरकेल, पण ही बसली की बसली.

जेवण उरकून, हात पुसून तिनं विचारलं, "भाऊ, तुमचं गाव कुठलं?"

"गंगापूर," हवालदार म्हणाले.

"राहता तिथंच?"

"नाय. राहायला बजाजनगरला."

"आणि मी आज गंगापूरला जाऊन तुम्हाला शोधलं तर?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून फिदीफिदी हसला, "म्हंजे साहेब, तुमी बी बेपत्ता!"

"गप रे," हवालदार म्हणाले, पण त्यांचंही हसू लपेना. हिनं कोरा कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं : 'माझं गाव पैठण आहे. मी राहते औरंगपुऱ्यात. दोन्ही खरं आहे.' ऱ्हस्व-दीर्घ माझ्यापेक्षा चांगलं.

हवालदारांनी कागद दोनदा वाचला आणि हेल्मेट उचललं. "चला काकू, दाखवा घर."

साक्ष द्यायला आमच्या गल्लीत निदान चार हजार माणसं जमली. बायको म्हणते, सहा. समोरच्या बांगडीवाल्या चाचींनी तर हवालदारांनाच झापलं, "भाभी यहाँ नै रहती तो रोज मेरे से झगड़ने कौन आती, बोलो!"

संध्याकाळी नवा शेरा आला, शिक्का बसला. शुक्रवारच्या विमानाची धास्ती गेली. हिनं कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"आता पत्त्याचं कायमचं मिटलं ना, भाऊ?"

हवालदारांनी शाईच्या पॅडचं झाकण लावलं.

"नाय. परत आलात की पुन्हा कळवा."